गाडीच्या आतले डाग: भंडारा, शेंगा चटणी आणि चिकट डिंक

सोलापुरात गाडी बाहेरून धुऊन घेणं काही अवघड नाही. होटगी रोड असो, विजापूर रोड असो, वॉशिंग सेंटरला गाडी लावली की फोम मारून, प्रेशरचं पाणी मारून मोकळी करून देतात. आतलं काम मात्र बहुतेक ठिकाणी एक ओला फडका आणि त्यावर चकचकीत पॉलिश एवढ्यावरच संपतं. डाग पॉलिशखाली तसाच राहतो, आणि आठवडाभरात त्या तेलकट थरावर आपली धूळ येऊन बसते ती वेगळीच.

आतली सफाई घरीच करावी, असं माझं मत आहे. सामान साधं लागतं, एक सुट्टीचा दिवस लागतो, आणि एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी लागते: आत जेवढं पाणी घालाल तेवढं बाहेरही काढावं लागतं. डाग घासून कमी जातात, टिपून जास्त जातात. सीट खराब होते ती बहुधा डागामुळे नाही, तर डाग काढायच्या घाईत ओतलेल्या पाण्यामुळे आणि चोळलेल्या ब्रशमुळे.

वेळ आणि पाणी

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डला हात लावता येत नाही. अशा तापलेल्या प्लॅस्टिकवर साबणपाणी मारलं तर पुसायच्या आत ते वाळतं आणि पांढरे ओघळ उमटतात. म्हणून काम सकाळी सातला सुरू करायचं, गाडी सावलीत घ्यायची आणि दहा-साडेदहापर्यंत ओलं काम उरकायचं. त्यानंतर ऊन चढतं, ते सीट वाळवायला वापरायचं. मुंबईकडच्या लोकांना दमट हवेत ओला फोम वाळवायला दोन-दोन दिवस पंखा लावून बसावं लागतं. आपल्या कोरड्या उन्हात ते काम एका दुपारी होतं, निदान उन्हाळ्यात तरी. पावसाळ्यातही इथे उघडीप भरपूर असते, ती बघून दिवस निवडावा. झड लागलेली असताना सीट भिजवू नये.

पाण्याचं म्हणाल तर बोअरचं पाणी जड. स्टीलच्या बादलीवर, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच काळ्या डॅशबोर्डवर आणि काचेवर बसतो. घासायला ते चालेल, शेवटचं पुसायला नको. शेवटच्या पुसण्यासाठी घरातल्या एसीच्या नळीतून पडणारं पाणी बादलीत धरून ठेवावं आणि दाट फडक्यातून गाळून घ्यावं. हवेतली वाफ थंड होऊन ते तयार होतं, त्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात एवढं चांगलं पाणी गॅलरीतून खाली सोडून द्यायचं, हे मला कधी पटलेलं नाही. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी मात्र बरोबर उलटं. त्यात क्षार वाढलेले असतात. त्याने पायपुसणी धुवावीत, काच पुसू नये.

सामान

चार-पाच मायक्रोफायबरची कापडं, रंगकामाचा एक मऊ ब्रश, एक जुना टूथब्रश, दोन स्प्रे बाटल्या, भांडी घासायचं लिक्विड, निंबूसत्व, कॉर्नफ्लोअर, रुंद चिकटपट्टी, थोडं खोबरेल. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे इंजेक्शनच्या आधी चोळतात ते स्पिरिट. व्हॅक्युम क्लीनर असला तर उत्तम, नसला तर शेजाऱ्याचा.

आणि टॉवेल. डाग टिपायला सोलापुरी टेरी टॉवेलसारखं दुसरं काही नाही. चादरीइतकं त्याचं नाव गाजत नाही, पण भौगोलिक मानांकन दोघांनाही आहे. त्याच्या उभ्या फाशांमध्ये पाणी भराभर ओढलं जातं. दोन पथ्यं मात्र पाळायची. टॉवेल पांढरा घ्यायचा, कारण रंगीत टॉवेलचा रंग ओल्या सीटला लागू शकतो आणि डाग किती उतरला तेही दिसत नाही. आणि तो चांगला चार वेळा धुतलेला असावा. नव्या टॉवेलचे धागे सुटतात आणि नवा टॉवेल पाणीही नीट ओढत नाही.

साबणपाणी एकदाच करून ठेवा: अर्धा लिटर पाण्यात एक छोटा चमचा भांड्याचं लिक्विड. याहून दाट केलं तर धुऊन काढताना जीव जातो, आणि राहिलेला साबण पुढे धूळ धरतो. दुसऱ्या बाटलीत अर्धा लिटर पाण्यात एक छोटा चमचा निंबूसत्व. बाटल्यांवर नावं लिहा. दोन्ही पाण्यासारखीच दिसतात.

आधी सगळं कोरडं

गाडी रिकामी करा. सीटखालची पाण्याची बाटली, मागच्या खिशातल्या लग्नपत्रिका, डिकीतली छत्री, सगळं बाहेर. फूटमॅट काढून भिंतीवर आपटा. सीट पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे सरकवून दोन्ही वेळा खाली व्हॅक्युम मारा. सीटच्या रुळांमध्ये नाणी, शेंगदाण्याची टरफलं आणि हरवलेलं पेन, यांतलं काहीतरी सापडतंच.

काळ्या मातीबद्दल जरा थांबून सांगायला हवं. शेतावर हुरड्याला जाऊन आलेल्या गाडीच्या कार्पेटवर ही माती हमखास असते. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, म्हणून तर उन्हाळ्यात रानाला हाताएवढ्या भेगा पडतात आणि पावसात त्या मिटतात. ओल्या फडक्याने पुसायला गेलात की ती फुगून धाग्याधाग्यांत शिरते आणि सगळीकडे करडा पट्टा उमटतो. माती ओली आणली असेल तर तिला हात लावू नका, पूर्ण वाळू द्या. वाळली की ब्रशच्या उलट्या बाजूने ढेकळं फोडा, कार्पेटला खालून चापट्या मारा आणि व्हॅक्युम मारा. मग उभं-आडवं ब्रश करून पुन्हा व्हॅक्युम. नव्वद टक्के काम इथेच संपतं. साबणपाणी लागलंच तर ते उरलेल्या सावलीपुरतं.

कोरडं काम झाल्यावर, कुठलंही औषध वापरण्याआधी, ते सीटच्या मागच्या खालच्या कडेला किंवा दाराच्या पॅडच्या आतल्या टोकाला थेंबभर लावून पाच मिनिटं बघा. पांढऱ्या कपड्यावर रंग उतरला तर ते त्या जागी वापरायचं नाही. हे पाच मिनिटांचं काम सगळेच टाळतात.

वरून खाली

छतापासून सुरुवात, कारण तिथला मळ खालीच पडणार. छताचं कापड पातळ फोमवर डिंकाने चिकटवलेलं असतं. त्यावर स्प्रे मारायचा नाही. साबणपाण्याचा नुसता फेस कपड्यावर घ्यायचा आणि एकाच दिशेने अलगद फिरवायचा. जोर लावला किंवा भिजवलं की डिंक सुटतो आणि छत तंबूसारखं खाली लोंबतं. मग ते दुरुस्त करायला पूर्ण छतच उतरवावं लागतं. हात टेकून पडलेले तेलकट डाग एका फेरीत फिके होतील, गायब होणार नाहीत. दुसरी फेरी पूर्ण वाळल्यावरच.

डॅशबोर्ड, दाराचे पॅड, कन्सोल यांवर मऊ ब्रशने धूळ झाडत व्हॅक्युमची नळी जवळ धरा. एसीच्या जाळ्यांमध्ये तोच ब्रश आडवा फिरवा. मग साबणपाणी कपड्यावर घ्या, गाडीवर मारू नका. बटणांच्या, खिडकीच्या स्विचच्या फटीत गेलेलं पाणी दिसत नाही, पण नंतर खिडकी मध्येच अडकते तेव्हा कळतं.

टचस्क्रीन आणि मीटरची पारदर्शक काच ही काच नसून बहुधा प्लॅस्टिक असतं किंवा त्यावर नाजूक थर असतो. तिथे स्पिरिट नको, काच साफ करायचा स्प्रेही नको. एसीच्या पाण्याने जेमतेम ओलसर केलेलं मायक्रोफायबर, आणि लगेच दुसरं कोरडं. काळ्या चकचकीत पट्ट्यांवर टूथपेस्ट लावायचा उपाय व्हॉट्सॲपवर फिरत असतो. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात. एकदा लावून उन्हात बघा, मग तेवढीच जागा डोळ्यात भरत राहील.

काही गाड्यांत मऊ स्पर्शाचं प्लॅस्टिक काही वर्षांनी चिकट होतं, बोट लावलं की ठसा उमटतो. तो मळ नाही. त्यावरचा रबरासारखा थर उष्णतेने आणि दमटपणाने विरघळू लागलेला असतो, म्हणून कितीही साबण लावा, जात नाही. स्पिरिटने पुसलं तर तो थर निघतो आणि खालचं साधं कडक प्लॅस्टिक उघडं पडतं. काहींना ते चालतं. छोट्या भागावर, कप ठेवायच्या खाचेत वगैरे, आधी करून बघा.

स्टिअरिंग आणि गिअरच्या मुठीवरची काळी मेण म्हणजे घाम, हाताचं तेल आणि धूळ. साबणपाण्याचा ओलसर कपडा, टाक्यांच्या शिवणीत टूथब्रश, आणि लगेच कोरडं. स्टिअरिंगवर चमकेचं पॉलिश कधीही लावू नये. पेडलवर तर नाहीच नाही. हात आणि पाय घसरतात.

मूर्तीखालची टेप आणि बाकी चिकटपणा

जुनी गाडी घेतलेल्यांना हा भाग जास्त लागेल. डॅशबोर्डवर आधीच्या मालकाच्या गणपतीखालची दुहेरी टेप, मोबाईल स्टँडचा चौकोन, काचेवर जुन्या पार्किंगच्या स्टिकरचा कागद, मागे सनफिल्म काढल्यावर राहिलेला डिंक.

इथे आपलं ऊन कामाला येतं. दुपारी गाडी तासभर उन्हात ठेवली की टेपचा डिंक मऊ पडतो. तेव्हा जुनं एटीएम कार्ड तिरपं धरून टेप हळूहळू वर ओढा. एका झटक्यात ओढली तर फोम हातात आणि डिंक जागेवर. टेप निघाली की थांबा, गाडी सावलीत थंड होऊ द्या. उरलेल्या डिंकावर खोबरेल लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. डिंक तेल पिऊन पांढरट होतो आणि कार्डाने ढकलला की गोळ्या गोळ्या होऊन सुटतो. नंतर साबणपाण्याने दोनदा पुसा, कारण तेलाचा अंश राहिला तर तिथे धुळीचा नवा चौकोन तयार होतो. हा उपाय फक्त प्लॅस्टिक, धातू आणि काचेसाठी. कापडावरच्या डिंकाला तेल लावू नका. तिथे बर्फाचा खडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवायचा, डिंक कडक करायचा आणि नखाने उचलायचा. च्युइंगगमलाही हेच.

मागच्या काचेवर आडव्या तांबूस रेषा दिसतात त्या धुकं घालवणाऱ्या तारा. त्या काचेच्या आतल्या बाजूलाच असतात, म्हणजे फिल्मचा डिंकही त्यांच्यावरच. तिथे ब्लेड लावायचं नाही. एक रेष तुटली तर तेवढा पट्टा बंद. साबणपाण्याने डिंक ओला ठेवायचा, वर प्लॅस्टिकचा कागद चिकटवून अर्धा तास भिजू द्यायचा आणि कपड्याने रेषांच्या दिशेनेच ढकलायचा. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग नाही.

फास्टॅगचं स्टिकर काढताना फाटावं अशाच पद्धतीने बनवलेलं असतं. ते काढून दुसऱ्या जागी लावायच्या भानगडीत पडू नका. काच बदलली असेल तर बँकेकडून नवीन घ्या.

पेट्रोल, थिनर, रॉकेल ही गॅरेजमधली औषधं आत आणू नका. थिनरने प्लॅस्टिक विरघळतं, पेट्रोलची वाफ बंद गाडीत पेट घेऊ शकते, आणि रॉकेलचा वास तुमच्याबरोबर पावसाळा काढतो.

हळद, भंडारा, कुंकू, बुक्का

बाळे भागातला, म्हणजे बाळ्याचा खंडोबा गावातच. तुळजापूर तासाभरावर, पंढरपूर दीड-दोन तासांवर. त्यामुळे सोलापूरच्या गाडीत देवाचा रंग नाही असं होत नाही. चंपाषष्ठीच्या सुमारास बाळ्याहून परत येताना तर कपड्यांवरून, केसांतून भंडारा सीटवर झडतच असतो. या डागांशी सगळ्यात जास्त चुकीचं वागलं जातं, म्हणून नीट सांगतो.

हळदीचा रंग, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो. म्हणजे ओल्या फडक्याने पुसलं की रंग निघत नाही, फक्त पसरतो आणि आत ढकलला जातो. आणि साबण, सोडा, डिटर्जंट लागलं की पिवळा डाग चक्क लाल होतो. शाळेत हळदीच्या कागदावर चुन्याची निवळी टाकून हाच प्रयोग करतात. लोक इथे घाबरतात आणि आणखी साबण ओततात. घाबरू नका. निंबूसत्वाचं पाणी शिंपडलं की तो पुन्हा पिवळा होतो.

क्रम असा. ब्लोअर बंद, दारं उघडी. फुंकर मारायची नाही, झटकायचं नाही. व्हॅक्युमची नळी कापडाला न टेकवता बोटभर वर धरून सुटा भंडारा ओढून घ्या. मग चिकटपट्टीचा वीतभर तुकडा डागावर हलकेच थापा आणि सरळ वर उचला. पट्टी पिवळीधमक होऊन येते. नवा तुकडा घ्या, पुन्हा थापा. पट्टी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत पाण्याचा थेंबही नको. हा कोरडा भाग जितका चिकाटीने कराल तितका पुढचा त्रास कमी.

आता पांढऱ्या कपड्याच्या कोपऱ्यावर स्पिरिट घ्या आणि डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत जा. मध्यातून बाहेर गेलात तर डाग मोठा होतो. प्रत्येक दोन-तीन टिपण्यांनंतर कपड्याची कोरी जागा पुढे आणा, नाहीतर काढलेली हळद तुम्ही परत तिथेच लावताय. गाडीची दारं उघडी असू द्या, जवळपास विडी-सिगारेट, उदबत्ती नको. स्पिरिटने निघेल तेवढं निघाल्यावर साबणपाण्याचा फेस, टिपणं, निंबूसत्वाचं पाणी, टिपणं, शेवटी साधं पाणी, टिपणं.

एवढं करूनही फिकट पिवळी झाक राहील. ती उन्हावर सोडून द्या. कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. दार पूर्ण उघडून डागावर थेट ऊन पडेल अशी गाडी लावा. काचेआडून येणाऱ्या उन्हाने काम होतं, पण रखडत. दोन-चार दुपारींत झाक उडते. लेदरच्या सीटवर मात्र स्पिरिट चालत नाही, सीटचाच रंग उतरतो. तिथे कोरडं काम, ओलसर कपडा आणि धीर.

कुंकवाचं थोडं वेगळं आहे. हळदीपासून केलेलं कुंकू वरच्यासारखंच वागतं. बाजारातल्या बऱ्याच कुंकवात कृत्रिम रंग असतो, तो पाणी लागताच पळत सुटतो. दोन्हींतलं कुठलं आहे हे बघून कळत नाही, म्हणून कोरडं काम दुप्पट करायचं आणि ओलं काम अगदी थेंबाथेंबाने. रंगपंचमीच्या कोरड्या रंगालाही हेच लागू. बुक्का काळा आणि बारीक, कोळशासारखा. तो कशातच विरघळत नाही. व्हॅक्युम आणि चिकटपट्टी एवढेच त्याचे उपाय. बोटाने चोळलात तर तो तुमच्या सीटचा रंग झाला म्हणून समजा.

शेंगा चटणीचं तेल

प्रवासाला कडक भाकरी, दही आणि शेंगा चटणी घेऊन निघालो की कुठल्या तरी वळणावर डबा कलंडणारच. उखळात कुटलेल्या चटणीला दाण्याचं तेल सुटलेलं असतं, आणि त्या तेलात मिरचीचा रंग उतरलेला असतो. म्हणजे एका डागात दोन डाग.

चटणी चमच्याने कडेकडून उचला, दाबू नका. मग त्यावर कॉर्नफ्लोअर किंवा साधी टाल्कम पावडर जाडसर पसरा आणि अर्धा तास विसरून जा. पावडर तेल ओढून पिवळसर, गुठळीदार दिसायला लागते. व्हॅक्युम मारा, पुन्हा पावडर टाका. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पावडर पांढरी राहिली की तेल आटोक्यात आलं. मैदा वापरू नका, त्यावर पुढे पाणी लागलं की खळ होते.

नंतर साबणपाणी कोमट करून बाटलीत जोरात हलवा आणि वरचा फेस तेवढा घ्या. फेसात साबण असतो, पाणी कमी असतं, आणि फोमपर्यंत ओल जात नाही. मऊ ब्रशने फेस लावा, मिनिटभर थांबा, टॉवेलने दाबून टिपा. टॉवेलवर नारिंगी उतरत असेल तर बरोबर चाललंय. मग साध्या पाण्याच्या ओलसर कपड्याने साबण काढा. राहिलेली नारिंगी छटा हळदीसारखीच उन्हात जाते. शिवणीत अडकलेला दाण्याचा चुरा टूथब्रशने नक्की काढा, नाहीतर आधी मुंग्या येतात आणि मग उंदीर. उंदीर नुसती चटणी खाऊन जात नाही, वायरही चावून बघतो.

रेक्झिनच्या सीटवर हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे. पावडरची गरज नाही, साबणपाणी आणि कपडा पुरे. फक्त शिवणी बघा.

पान, डाळिंब, दूध आणि बाकीची मंडळी

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, दारांच्या पॅडवरचे डाग मात्र वेगळंच सांगतात. पान-माव्याच्या डागात कात आणि चुना दोन्ही असतात, म्हणून नुसत्या साबणाने तो हलत नाही. आधी निंबूसत्वाचं पाणी लावून दहा मिनिटं ठेवायचं, त्याने चुना सुटतो. टिपायचं, साध्या पाण्याने पुन्हा टिपायचं, मग साबण. फिकट रंगाच्या कापडावर तरीही तांबूस सावली राहिली तर हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये मिळतं ते बहुधा ६ टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच पाणी घालून अर्धं करायचं. गडद कापडावर ते लावू नका, रंग उडतो. आणि निंबूसत्व किंवा व्हिनेगरमध्ये ते कधीही मिसळू नका, त्यातून झोंबणारं रसायन तयार होतं. मध्ये साध्या पाण्याची फेरी हवीच.

डाळिंबाचा रस आपल्या जिल्ह्याचा खास डाग. त्याला आधी साबण लावला तर तो निळसर-काळा होऊन बसतो. गार पाण्याने टिपत राहा, मग निंबूसत्वाचं पाणी, साबण सगळ्यात शेवटी. उसाच्या रसाला नुसतं पाणी पुरतं, पण ते लगेच हवं. चहाला गार पाणी, थोडं निंबूसत्व, मग फेस. बॉलपेनच्या शाईला स्पिरिट, टिपत, कडेकडून. रक्ताला गार पाणीच, गरम कधीच नाही.

दूध आणि उलटी हे डाग म्हणून मोठे नाहीत, वास म्हणून मोठे आहेत. दोन्हींत प्रथिनं असतात. गरम पाण्याने ती आवळून धाग्याला चिकटतात, म्हणून गार पाणी. ज्या कपड्याच्या पावडरच्या पाकिटावर एन्झाइम लिहिलेलं असतं, ती अर्धा चमचा ग्लासभर गार पाण्यात विरघळवून डागावर लावा आणि वीस मिनिटं ओलं ठेवा. एन्झाइमला काम करायला वेळ लागतो, लावलं आणि पुसलं असं चालत नाही. लेदरवर हे वापरू नका. मग दोन-तीनदा साध्या पाण्याने टिपून काढा. पूर्ण वाळल्यावर खाण्याचा सोडा रात्रभर पसरून सकाळी व्हॅक्युम मारला तर उरलेला वास बराच ओढला जातो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफस बघायचा उद्योग करू नका. दोघं एकमेकांना मारतात, खाली राहतं ते खारट पाणी.

कडा, पट्टे आणि वाळवणं

डाग गेला पण त्याच्या भोवती पाण्याचं वर्तुळ उमटलं, ही नेहमीची तक्रार. ओलं आणि कोरडं जिथे मिळतं तिथे मळ आणि क्षार येऊन थांबतात. त्यावर उपाय एकच: डाग काढून झाल्यावर सीटचा तो पूर्ण भाग, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, एसीच्या पाण्याने ओलसर केलेल्या कपड्याने एकसारखा पुसून घ्यायचा. मग कड कुठे उमटलीच तर शिवणीवर, दिसणार नाही.

सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून वरच्या टोकाला क्लिपने अडकवा. साबणपाणी, मऊ ब्रश, धाग्यांच्या दिशेने. ब्लीच नको, पट्ट्याची ताकद कमी होते. पूर्ण वाळेपर्यंत आत जाऊ देऊ नका.

टिपताना टॉवेलची चौपदरी घडी सीटवर ठेवून तळहाताने, अंगाचा भार देऊन दाबा. दहा मोजा, घडी फिरवा, पुन्हा दाबा. टॉवेल कोरडा यायला लागला की थांबा. त्यानंतर गाडीची चारी दारं उघडून उन्हात ठेवा, सीट मागे पाडा, कार्पेटची कड वर करून खाली हवा जाऊ द्या. संध्याकाळी सीटवर कोरडा कागदी नॅपकिन ठेवून जोरात दाबा. ओलसर झाला तर आत अजून पाणी आहे, काचा बंद करू नका. सीट कव्हर आणि चादरी दुसऱ्या दिवशीच. सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर ती बाजू झाकणारं कव्हर किंवा घट्ट खोचलेली चादर मुळीच नको.

काच सगळ्यात शेवटी, सावलीत. आतून काचेवर जो तेलकट धूसर पडदा येतो तो बराचसा तापलेल्या प्लॅस्टिकमधून आणि डॅशबोर्डच्या पॉलिशमधून उडालेला असतो. रात्री पुणे रोडला समोरून दिवे आले की तो जाणवतो. एसीच्या पाण्यात दहावा हिस्सा स्पिरिट घालून मायक्रोफायबरने पुसा, लगेच कोरड्याने घासा. आतून उभं पुसा, बाहेरून आडवं, म्हणजे राहिलेला पट्टा कुठल्या बाजूचा ते कळतं.

दूध फोममध्ये मुरलं असेल आणि दोन वेळा करूनही वास परत येत असेल, तर कव्हर उतरवून फोमच धुवावा लागतो आणि त्यासाठी सीट काढावी लागते. खाली पिवळ्या रंगाचं कनेक्टर दिसलं तर ती एअरबॅगची वायर आहे. ती स्वतः सोडवू नका. सीट गॅरेजमध्ये काढून घ्या, फोम घरी आणून धुवा आणि गच्चीवर चांगला कडक वाळवून परत द्या.